बंधारा बांधला, पण बर्गे कोण घालणार? शेतीच्या आधुनिकीकरणासाठी आलेल्या निधीविषयी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : एखाद्या विकसनशील देशाला शेतीच्या आधुनिकीकरणासाठी मोठा निधी मिळणार असेल, त्यातला काही भाग अनुदान आणि काही भाग सवलतीच्या व्याजाचे कर्ज असेल, तर तो यंत्रांवर, पाण्यावर, संशोधनावर की थेट शेतकऱ्याच्या खात्यावर खर्च करावा, आणि या बाबतीत कोल्हापूरच्या अनुभवातून काही घेण्यासारखे आहे का? मी तीसएक वर्षे या जिल्ह्यात सिंचनाच्या आणि कृषिविकासाच्या योजनांवर काम केले आणि निवृत्तीनंतर बाहेरून अर्थसाहाय्य मिळालेल्या काही प्रकल्पांच्या मूल्यमापनातही भाग घेतला. त्यामुळे उत्तर देताना पुस्तकी क्रम न लावता पैसा जिथे रुजला आणि जिथे वाहून गेला, ती ठिकाणे डोळ्यांसमोर ठेवून लिहितो.

सुरुवात आपल्याच बंधाऱ्यापासून करतो. ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ हे नाव आता महाराष्ट्राबाहेरच्या सिंचन अभियंत्यांनाही परिचित आहे. नदीच्या पात्रात दगडी किंवा काँक्रीटचे खांब उभे करायचे, त्यांना खाचा ठेवायच्या, पावसाळा ओसरला की ऑक्टोबरच्या सुमारास त्या खाचांत बर्ग्यांच्या, म्हणजे लाकडी किंवा लोखंडी फळ्यांच्या, दोन ओळी बसवून मधल्या पोकळीत माती भरायची आणि पुढचा पावसाळा लागण्यापूर्वी ते सगळे बर्गे काढून पुराला वाट मोकळी करून द्यायची, एवढीच त्याची रचना आहे. बांधकाम स्वस्त, जमीन जवळजवळ बुडत नाही, आणि पुराबरोबर गाळही पुढे जातो. मात्र या बंधाऱ्याचा अर्धा भाग दरवर्षी माणसांनी हाताने घालायचा आणि काढायचा असतो. बर्गे वेळेवर घातले नाहीत तर हिवाळ्यात पाणी अडत नाही. वेळेवर काढले नाहीत तर पुराचे पाणी दोन्ही काठांवर चढते. बर्गे चोरीला जातात, गंजतात, वाकतात. त्यांच्या फटींतून पाणी गळत राहते. माझ्या नोकरीच्या काळात मी असे कित्येक बंधारे पाहिले, ज्यांचे खांब आजही ताठ उभे आहेत, पण बर्ग्यांसाठीची तरतूद संपल्यामुळे त्यांच्यामागे जानेवारीत गुडघाभरही पाणी नसते. कागदावर मात्र त्या बंधाऱ्याखालचे सिंचित क्षेत्र पूर्वीइतकेच दिसत असते.

आपल्या प्रश्नाचे माझे उत्तर या उदाहरणातच आहे. निधी देणारी संस्था खांबांचे पैसे आनंदाने देते, कारण खांब मोजता येतात, त्यांचे छायाचित्र काढता येते आणि प्रकल्पाच्या पाच-सहा वर्षांत ते उभे राहतात. बर्ग्यांचे पैसे कोणी देत नाही, कारण तो दरवर्षीचा खर्च असतो. म्हणून एखाद्या देशाने निधी स्वीकारताना प्रत्येक बाबीपुढे पहिला प्रश्न असा लिहावा की निधी संपल्यानंतरच्या पहिल्या हंगामात हे काम कोण चालवणार आणि त्याचा पगार, वीज, दुरुस्ती कोणत्या उत्पन्नातून होणार. ज्या बाबीपुढे या प्रश्नाचे नेमके उत्तर लिहिता येत नाही, ती बाब कितीही आधुनिक वाटली तरी पुढे ढकलावी.

हे मी केवळ बंधाऱ्यांवरून म्हणत नाही. १९७० च्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने भारतातील अनेक राज्यांत कृषी विस्ताराची ‘प्रशिक्षण व भेट’ पद्धत आली. ग्रामपातळीवरच्या कार्यकर्त्याने ठरलेल्या दिवशी ठरलेल्या शेतकऱ्यांकडे जायचे, पंधरवड्याने स्वतः प्रशिक्षण घ्यायचे आणि तो निरोप पुढे पोहोचवायचा, अशी तिची शिस्तबद्ध आखणी होती. पद्धतीत गुण होते. मी स्वतः त्या साच्यात तयार झालेल्या सहकाऱ्यांकडून पुष्कळ शिकलो. परंतु तिचा सगळा भार माणसांच्या पगारावर आणि प्रवासभत्त्यावर होता. बाहेरचे पैसे थांबले तेव्हा राज्यांच्या अंदाजपत्रकांना तो भार पेलवला नाही, भेटी हळूहळू कागदावर राहिल्या आणि रिक्त झालेल्या जागा रिक्तच राहिल्या. आज शेतकरी औषधाचा सल्ला औषध विकणाऱ्या दुकानदाराला विचारतो, त्यामागे हीसुद्धा एक गोष्ट आहे.

आता पैसा कशावर खर्चावा, याकडे येतो. मी एक साधा नियम पाळत आलो आहे : बांधाबाहेरचे काम निधीने करावे आणि बांधाच्या आतले काम शेतकऱ्याने स्वतः काढलेल्या कर्जाने. रस्ता, मुख्य निचरा नाली, वीजवाहिनी, बाजाराचे आवार, बियाण्यांचे संशोधन, हवामानाची नोंद, जमिनीचे अचूक नकाशे या गोष्टी एकट्या शेतकऱ्याला करता येत नाहीत आणि केल्या तरी त्यांचा लाभ शेजाऱ्याला दिल्यावाचून राहत नाही. त्या सार्वजनिक पैशातूनच झाल्या पाहिजेत. उलट पंप, ठिबक, पॉवर टिलर, हरितगृह, गोठा ही त्याची स्वतःची मालमत्ता आहे. त्यांवर सरसकट अनुदान वाटले की शेतकरी गरजेपेक्षा योजनेकडे पाहून वस्तू घेतो, विक्रेता अनुदानाचा अंदाज घेऊन किंमत लावतो, आणि ज्याची कागदपत्रे तयार असतात त्यालाच लाभ मिळतो. अशा वस्तूंसाठी वेळेवर मिळणारे, माफक व्याजाचे कर्ज अधिक उपयोगी ठरते. केंद्र सरकारने २०२० साली सुरू केलेल्या एक लाख कोटी रुपयांच्या कृषी पायाभूत सुविधा निधीची रचना या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. त्यात सरकार गोदाम बांधून देत नाही. दोन कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जावर सात वर्षांपर्यंत तीन टक्के व्याज सवलत देते. वस्तू चालवण्याची जबाबदारी ज्याची त्याच्याकडेच राहते.

बांधाबाहेरच्या खर्चाला झुकते माप द्यावे, याला अभ्यासाचाही आधार आहे. शेंगेन फॅन, पीटर हेझेल आणि आपले सुखदेव थोरात यांनी भारतातील ग्रामीण भागावरच्या सरकारी खर्चाचा जो अभ्यास केला, त्यात गरिबी कमी करण्यात ग्रामीण रस्त्यांवरचा खर्च आणि उत्पादकता वाढवण्यात कृषी संशोधनावरचा खर्च सर्वांत पुढे असल्याचे दिसून आले. रस्त्यांचे महत्त्व आपल्याकडे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. तोडलेला ऊस चोवीस तास चिखलात अडकला तर काय होते, हे नदीकाठच्या कोणत्याही शेतकऱ्याला ठाऊक आहे. संशोधनाचे महत्त्व मात्र विसरले जाते, कारण त्याचे फळ यायला दहा-पंधरा वर्षे लागतात आणि तोवर निधी मंजूर करणारा मंत्री व तो देणारा अधिकारी दोघेही बदललेले असतात. ब्राझीलने १९७३ साली ‘एंब्रापा’ ही संशोधन संस्था स्थापन केली, तरुण शास्त्रज्ञांना मोठ्या संख्येने परदेशात शिकायला पाठवले आणि सेराडोच्या आम्लधर्मी, नापीक समजल्या जाणाऱ्या पठारावर चुना घालून व तिथल्या दिवसमानाला जुळणारे सोयाबीनचे वाण काढून शेतीचा नवा प्रदेशच उभा केला. आपल्याकडे पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र १९३२ पासून चालू आहे. को ८६०३२ हा उसाचा वाण कोइमतूरच्या पैदाशीचा, पण इथल्या जमिनीत आणि हवामानात तो तपासून शेतकऱ्याच्या हाती देण्यासाठी असे केंद्र आधीपासून उभे असावे लागते. बाहेरून वाण आणता येतो, चाचणीचे शेत मात्र आपलेच लागते.

शिरोळ तालुक्याचे उदाहरण या नियमाच्या दोन्ही बाजू दाखवते, म्हणून जरा विस्ताराने सांगतो. कोल्हापूर जिल्ह्यात पश्चिमेला गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि पूर्वेला शिरोळकडे येईपर्यंत तो त्याच्या जवळपास दहाव्या हिश्श्यावर येतो. पण शिरोळला कृष्णा, पंचगंगा, वारणा, दूधगंगा या नद्यांचे पाणी आणि काळी, खोल, भारी जमीन मिळाली. उपसा योजना आल्या, पाणी बारमाही झाले, उसाला पाट भरून पाणी द्यायची सवय लागली, रासायनिक खतांचा मारा वाढला, आणि ज्या भारी जमिनीतून पाण्याचा निचराच होत नाही त्या जमिनीत क्षार वर येऊ लागले. एकेकाळी एकरी साठ-सत्तर टन ऊस देणाऱ्या शिवारात पांढरी पुटे दिसू लागली, मग तिथे बाभळ आणि पाणकणीस उगवले. हे सगळे आधुनिकीकरणाच्या नावाखालीच झाले. सिंचनाला पैसा मिळाला, निचऱ्याला मिळाला नाही. पाणी आत आणण्याचा खर्च योजनेत धरला, बाहेर काढण्याचा धरला नाही.

या जमिनी सुधारण्याचा उपाय माहीत आहे. जमिनीखाली तीन-चार फुटांवर सच्छिद्र पाइप टाकायचे, त्यांतले खारे पाणी मोठ्या पाइपात घ्यायचे आणि तो पाइप ओढ्यापर्यंत किंवा नदीपर्यंत न्यायचा. अडचण तंत्राची नसून माणसांची आहे. माझ्या शेतातले खारे पाणी बाहेर जायला खालच्या दहा जणांच्या शेतांतून पाइप गेला पाहिजे, आणि त्यांतला एकजण जरी अडून बसला तरी वरचे सगळे अडकतात. शिरोळच्या श्री दत्त सहकारी साखर कारखान्याच्या पुढाकाराने तालुक्यातील गावांत शेतकऱ्यांचे गट बांधून असे काम झाले, आणि ज्या जमिनीत गवतही धड येत नव्हते तिथे पुन्हा ऊस उभा राहिला. इथे माझा नियम कसा लागू होतो, पाहा. शेतातल्या सच्छिद्र पाइपांचा खर्च शेतकऱ्याने कर्ज काढून करावा, कारण दोन-तीन हंगामांतच वाढलेल्या उत्पन्नातून तो फिटू लागतो. परंतु ओढ्यापर्यंतचा मुख्य पाइप आणि गाळाने भरलेला ओढा हे सार्वजनिक काम आहे आणि ते निधीतूनच झाले पाहिजे. हा मुख्य पाइप नसेल, तर शेतकऱ्याला शंभर टक्के अनुदान दिले तरी त्याने काढलेले खारे पाणी शेजाऱ्याच्या शेतातच जाणार.

ठिबक सिंचनाबाबत मला अधिक कडवटपणे लिहावे लागते. महाराष्ट्रात केंद्र व राज्याचे अनुदान मिळून अल्प व अत्यल्प भूधारकाला ठिबकासाठी मापदंडाच्या ८० टक्क्यांपर्यंत, तर इतरांना ७५ टक्क्यांपर्यंत साहाय्य मिळते. तरीही नदीकाठच्या उसात ठिबक म्हणावे तसे टिकत नाही. याचे कारण शेतकरी अडाणी आहे असे नाही. तो हिशेबी आहे. आपल्याकडच्या बहुतेक उपसा संस्था पाणीपट्टी एकरावर आकारतात. पाणी निम्मे वापरले तरी पट्टी तेवढीच. मग नळ्या पसरायच्या, तोडणीपूर्वी गोळा करायच्या, उंदरांनी कुरतडलेल्या जोडायच्या, विद्राव्य खतांचे जादा पैसे मोजायचे, आणि त्या बदल्यात पाण्याची बचत करायची तरी ती कोणासाठी? ज्याने बचत केली त्याच्या खिशात तिचा एक रुपयाही येत नाही. शिवाय वाचलेले पाणी नदीत राहते अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात ते वरच्या माळावर नव्या उसाला जाते. ज्या योजनांमध्ये पाणी मोजून देण्याची, संस्थेपाशी एकच मोठा फिल्टर ठेवण्याची आणि सगळ्या शेतांना एकत्रित ठिबकाने पाणी देण्याची व्यवस्था झाली, तिथे चित्र वेगळे आहे. म्हणून निधी देताना क्रम असा असावा : आधी पाण्याचे मोजमाप आणि घनमापावर आकारणी, मग वितरणाच्या बंद नळ्या, आणि शेवटी शेतातले ठिबक. आपण नेमका उलटा क्रम लावतो, कारण ठिबकाच्या संचाचे वाटप एका समारंभात होते आणि पाणीपट्टीची पद्धत बदलायला तीन निवडणुकांचा धीर लागतो. महाराष्ट्रात २००५ साली सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याचा कायदा झाला आणि त्याच वर्षी जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचाही कायदा झाला. चौकट त्यामुळे उपलब्ध आहे, ती वापरण्याची इच्छा हवी.

यंत्रांबाबत जगाला सर्वांत महागात पडलेला धडा भुईमुगाने दिला आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये खाद्यतेलाची टंचाई होती, म्हणून ब्रिटिश सरकारने आजच्या टांझानियात तीस लाखांहून अधिक एकरांवर यंत्रांनी भुईमूग पिकवण्याची योजना आखली. युद्धातून उरलेले ट्रॅक्टर आणि रणगाड्यांपासून बनवलेली यंत्रे जंगल साफ करायला नेली. लहान क्षेत्रावर पीक घेऊन पाहण्याची तसदी कोणी घेतली नाही. कोंगवा भागातली चिकण जमीन पावसाने भिजून उन्हात वाळली की विटेसारखी कडक व्हायची. आपल्याकडच्या कोणत्याही शेतकऱ्याने एका दृष्टिक्षेपात सांगितले असते की अशा जमिनीत आऱ्या, म्हणजे शेंगा धरण्यासाठी मातीत शिरणारे देठ, तुटतात आणि शेंगा मातीतच राहतात. पाऊसही भरवशाचा नव्हता, यंत्रांना सुटे भाग नव्हते, दुरुस्तीला माणसे नव्हती. १९५१ साली योजना गुंडाळली तेव्हा सुमारे ३ कोटी ६० लाख पौंड बुडीत खात्यात लिहावे लागले.

याउलट कोल्हापूर परिसरात तेल इंजिने, पंप, गुऱ्हाळाचे चरक ही यंत्रे इतक्या लवकर शेतकऱ्याच्या अंगवळणी का पडली, याचे उत्तर उद्यमनगर या कोल्हापूरच्या औद्योगिक वसाहतीत आहे. बंद पडलेले इंजिन सकाळी बैलगाडीत घालून आणायचे, मिस्त्रीने ते खोलायचे, लागणारा भाग तिथल्याच फाउंड्रीत ओतून आणि लेथवर घासून घ्यायचा आणि संध्याकाळी इंजिन परत विहिरीवर बसवायचे, अशी सोय इथे होती. शेतीच्या यंत्रांनी फाउंड्रीला काम दिले आणि फाउंड्रीने शेतीची यंत्रे चालू ठेवली. कर्जाच्या पैशातून परदेशी यंत्रे आणणाऱ्या देशाने हे फार गांभीर्याने घ्यावे, कारण कर्जाची परतफेड परकीय चलनात, सुट्या भागांची आयातही परकीय चलनात, आणि शेतकऱ्याचे उत्पन्न मात्र देशी चलनात, असा तिहेरी पेच पडतो. यंत्रांच्या तरतुदीतला पाचवा हिस्सा तरी तालुक्याच्या पातळीवरच्या दुरुस्तीच्या कार्यशाळांसाठी आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतल्या तशा अभ्यासक्रमांसाठी राखावा, असे माझे मत आहे. शेतकऱ्याच्या जमीनधारणेचा सरासरी आकार २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार भारतात १.०८ हेक्टर आहे. कोल्हापुरात तर गुंठ्यांत हिशेब चालतो. अशा ठिकाणी प्रत्येकाला यंत्र देण्यापेक्षा भाड्याने यंत्र देणारी अवजार बँक बरी. पण तीसुद्धा चालवणाऱ्याच्या नफ्यावर उभी असावी, नाहीतर दोन वर्षांत तिचे शेड तेवढे उरते.

खेळत्या भांडवलाचा मुद्दा आपल्या प्रश्नात नव्हता, पण तो विचारायला हवा होता, असे मला वाटते. पन्हाळ्याच्या बाजूच्या एका शेतकरी गटाला आधुनिक गूळनिर्मितीसाठी एका योजनेतून चांगले साहाय्य मिळाले होते. स्टेनलेस स्टीलच्या काहिली, सुधारित भट्टी, एक किलोच्या आणि लहान खड्यांच्या गुळाचे साचे, सर्व काही नीट बसवले होते. उद्घाटनाला मीही होतो. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालेले असल्याने नावाचीही अडचण नव्हती. एक हंगाम चालून गुऱ्हाळ बंद पडले. कारण साखर कारखाना ऊस नेतो तेव्हा कायद्याने चौदा दिवसांत पैसे देणे बंधनकारक असते. प्रत्यक्षात थोडेफार मागेपुढे झाले तरी पैसे येतात हा विश्वास असतो. गटाचा गूळ मात्र विकला जाऊन पैसे यायला दोन-अडीच महिने लागत होते. सभासदांना उसाची उचल द्यायला गटाकडे पैसे नव्हते, आणि बँकेकडे तारण ठेवायला अनुदानातून आलेल्या यंत्रांखेरीज काही नव्हते. दुसऱ्या वर्षी सभासदांनी गटाच्या नावाने सभा भरवल्या आणि ऊस कारखान्याला घातला. प्रकल्पात यंत्रांसाठी जेवढे पैसे होते त्याच्या चौथ्या हिश्श्याइतके खेळते भांडवल किंवा तेवढ्या रकमेची पतहमी ठेवली असती, तर ते गुऱ्हाळ कदाचित आजही चालले असते. मंजुरीच्या टप्प्यावर हा मुद्दा माझ्याही लक्षात आला नव्हता, हे इथे नोंदवून ठेवतो.

इथे एक ऐतिहासिक गोष्ट आठवते. राजर्षी शाहू महाराजांच्या राधानगरी धरणाचा उल्लेख सगळे करतात, पण शाहूपुरीची व्यापारपेठ त्याच्याही आधी, १८९५ साली वसवली गेली. धरणाचे काम विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सुरू झाले आणि पूर्ण व्हायला स्वातंत्र्यानंतरचा काळ उजाडला. म्हणजे गुळाला पेठ आधी मिळाली आणि उसाला धरणाचे पाणी मागाहून आले. आजच्या बहुतेक प्रकल्प आराखड्यांत उत्पादनवाढीची प्रकरणे पहिली आणि विक्रीचे प्रकरण शेवटून दुसरे असते. ते वाचताना मला नेहमी हा क्रम आठवतो.

परदेशी मदत नीट वापरली गेल्याचे आपल्याच देशातले सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे १९७० साली सुरू झालेली दूध महापूर योजना, म्हणजेच ‘ऑपरेशन फ्लड’. युरोपीय आर्थिक समुदायाकडे दूध पावडर आणि बटर ऑइलचा साठा पडून होता, तो जागतिक अन्न कार्यक्रमामार्फत भारताला देणगी म्हणून मिळाला. ही देणगी फुकट किंवा मातीमोल भावात वाटली असती, तर गावातल्या म्हशीवाल्याचा धंदा बसला असता. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने ती पावडर शहरांतल्या दूध योजनांना विकली आणि आलेल्या पैशातून दूध प्रक्रिया केंद्रे, टँकर, पशुखाद्य, कृत्रिम रेतन आणि जनावरांच्या उपचारांची साखळी उभी केली. योजना १९९६ पर्यंत तीन टप्प्यांत चालली आणि संपल्यावरही दूध गोळा होत राहिले, कारण रोजचा खर्च रोजच्या लिटरमागच्या कपातीतून निघत होता. कोल्हापुरात ‘गोकुळ’ संघाची स्थापना १९६३ ची. आज कोणत्याही गावात पहाटे डेअरीपुढची रांग पाहिली, दहा दिवसांचे बिल आणि दिवाळीच्या तोंडावर मिळणारा दरफरक यांची घरात कशी वाट पाहतात हे पाहिले, म्हणजे मी ज्याला निधी संपल्यानंतरचा पहिला हंगाम म्हणतो तो कसा असावा, हे दिसते. आणखी एक गोष्ट अशी की सातबाऱ्यावर नाव नसलेल्या बाईलाही म्हशीच्या दुधाचे पैसे मिळू शकतात. जमिनीला जोडलेल्या जवळजवळ प्रत्येक योजनेत ती आणि वाटेकरी गडी वगळले जातात, कारण अर्जाची पहिलीच अट सातबाऱ्याची असते.

शेतकऱ्याच्या खात्यावर थेट पैसे द्यावेत का, या आपल्या उपप्रश्नाचे उत्तर लहान आहे. प्रधानमंत्री किसान सन्मान निधीतून २०१९ पासून वर्षाला ६,००० रुपये तीन हप्त्यांत मिळतात. गरजू घराला त्यांचा आधार होतो, बियाण्याचा एखादा खर्च भागतो, आणि मधली गळती कमी होते. ते चालू राहण्यात वावगे काही नाही. पण त्या पैशाने ओढा खोल होत नाही की नवा वाण निघत नाही. तो उत्पन्नाचा आधार आहे, आधुनिकीकरणाचा नव्हे, आणि विकास निधीतून तो देऊ नये.

निधीच्या रकमेइतकेच महत्त्व तो केव्हा येतो याला आहे, हे बाहेरच्या तज्ज्ञांना सहसा पटत नाही. आडसाली उसाची लावण जुलै-ऑगस्टमध्ये, पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, सुरू उसाची डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत होते. खरिपाची पेरणी जूनमध्ये. सरकारी पैसा मात्र मार्चअखेरीला धावत येतो. मार्चमध्ये आलेल्या पैशातून त्या महिन्यात जे खरेदी करता येते तेच खरेदी केले जाते, आणि ते बहुधा यंत्र असते, नाहीतर छापील माहितीपत्रक. एखाद्या देशाला निधीच्या करारात एकच अट घालून घ्यायची मुभा असेल, तर ती अखर्चित रक्कम पुढच्या वर्षात नेण्याची घालून घ्यावी. आफ्रिकी देशांनी २००३ साली मापुतो येथे अंदाजपत्रकाचा १० टक्के भाग शेतीवर खर्च करण्याचा ठराव केला. ठराव स्तुत्यच होता. पण थोड्याच देशांना ती मर्यादा सातत्याने गाठता आली, आणि ज्यांनी ती गाठली त्यांच्याकडेही टक्केवारीवरून खर्चाचा कस कळत नाही.

आपण आकडे मागितले आहेत, म्हणून माझ्या अंदाजाने वाटणी सांगतो; ती शास्त्रीय नव्हे, अनुभवाची समजावी. शंभर रुपयांतले तीस मी जुन्याच सिंचन योजनांच्या शेवटच्या टोकापर्यंतच्या वितरणावर आणि निचऱ्यावर घालीन, नव्या धरणावर नाही. पंचवीस रस्ते, वीज आणि बाजारावर. वीस संशोधन आणि विस्तारावर, पण त्यांतला मोठा भाग कायम ठेवीच्या रूपात, म्हणजे व्याजातून शास्त्रज्ञांचे आणि विस्तार कार्यकर्त्यांचे पगार निघत राहतील. महागाईमुळे व्याज पुरे पडत नाही हे मान्य करूनही मला यापेक्षा बरा मार्ग दिसलेला नाही. पंधरा पतहमी आणि खेळत्या भांडवलासाठी. उरलेले दहा देखभालीसाठी, आणि ते प्रकल्पाची पाच वर्षे संपल्यावरच उघडता येतील अशा खात्यात. या शेवटच्या दहांवर सर्वांत जास्त वाद होतो. निधी देणाऱ्याला ते पडून राहिलेले पैसे वाटतात आणि घेणाऱ्या सरकारी विभागाला ते आपल्या कारकिर्दीत खर्च न होणारे पैसे वाटतात. डोंगराळ आणि कोरडवाहू भागासाठी प्रत्येक हिश्श्यातला ठरावीक भाग आधीच बाजूला काढावा, नाहीतर सगळे नदीकाठच्या गावांत जाते. आजऱ्याच्या घनसाळ तांदळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तरी त्या सुवासिक भाताला हवी असलेली, दाणा न तोडणारी गिरणी आणि साठवणूक यांकडे मोठ्या योजनांचे लक्ष क्वचितच जाते, कारण रक्कम फार लहान असते.

पहिल्या वर्षी काय करावे, असेही आपण विचारले आहे. पहिल्या वर्षी फार खर्च करू नये. फेब्रुवारी-मार्चमध्ये, पाण्याची ओढ असताना, प्रत्येक जुन्या कालव्याच्या आणि उपसा योजनेच्या शेवटच्या शेतापर्यंत चालत जावे आणि पाणी कुठपर्यंत येते त्या ठिकाणी नकाशावर खूण करावी. त्याच फेरीत बंद पडलेल्या यंत्रांची, शेडची आणि गोदामांची यादी करावी आणि प्रत्येकापुढे ते कशामुळे बंद पडले ते गावातल्या माणसाच्या शब्दांत लिहावे. मी सहभागी झालेल्या एका पाहणीत असे शब्द तीनच प्रकारचे निघाले : ‘लाइट नाही’, ‘माणूस नाही’ आणि ‘पैसे अडकले’. दुसऱ्या वर्षाच्या अंदाजपत्रकाची पाने या तीन उत्तरांप्रमाणेच पाडावीत, आणि ज्या गावाने आपल्या बंधाऱ्याचे बर्गे त्या वर्षी ऑक्टोबरात स्वतःहून घातलेले असतील, त्या गावापासून काम सुरू करावे.